नर्स म्हणून दुसऱ्या देशात जायचंय? आधी काय करायचं, नंतर काय, आणि सही कुठे करायची नाही

बाहेर जायचं ठरवलं की ओळखीतलं कोणीतरी लगेच एजंटचा नंबर देतं. मी म्हणेन एजंट अगदी शेवटी, तोही लागलाच तर. आधी ज्या देशात जायचंय तिथल्या नर्सिंग रेग्युलेटरची वेबसाइट उघडा आणि स्वतः, सावकाश, शेवटपर्यंत वाचा. एक संध्याकाळ जाईल पण पुढची कित्येक महिन्यांची धावपळ वाचेल.

कारण असं की यात तीन वेगवेगळी कामं आहेत आणि ती तीन वेगवेगळे लोक करतात. तुम्ही तिथे नर्स म्हणून काम करायला पात्र आहात का हे रेग्युलेटर ठरवतो, नोकरी द्यायची का हे हॉस्पिटल ठरवतं, आणि देशात येऊ द्यायचं का हे इमिग्रेशन खातं ठरवतं. एकाने हो म्हटलं म्हणजे दुसरा हो म्हणेलच असं नाही. लायसन्स आहे पण व्हिसाचा नंबर लागत नाही असे लोक आहेत, आणि व्हिसा मिळून पोचले पण रजिस्ट्रेशन नाही म्हणून असिस्टंटचं काम करत बसलेत असेही खूप आहेत. एजंट या तिन्हीतलं काहीच स्वतः देऊ शकत नाही, तो फक्त कागद इकडून तिकडे नेतो. हे डोक्यात पक्कं असलं की मग कोणी काही गॅरंटी द्यायला लागलं तर लगेच कळतं की गडबड आहे.

देश निवडताना पगार सोडून काय बघायचं

पगार सगळेच बघतात. त्याच्यासोबत बघायच्या गोष्टी म्हणजे एकूण वेळ किती लागणार, नवीन भाषा शिकायला लागणार का, नवरा-बायको-मुलांना नेता येतं का, पुढे कायमचं राहता येतं का, आणि तुमचं शिक्षण तिथे कुठल्या लेव्हलचं धरतात. डिप्लोमा आणि डिग्री यात काही ठिकाणी फार फरक पडत नाही, काही ठिकाणी तिथेच गाडी अडते.

ब्रिटनमध्ये रेग्युलेटर आहे एनएमसी, म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल. तिथली टेस्ट दोन टप्प्यांत असते. पहिली कॉम्प्युटरवरची सीबीटी, जी तुम्ही आहात त्या देशातूनच देता येते, त्यात पार्ट ए म्हणजे आकडेमोडीचे १५ प्रश्न आणि पार्ट बी म्हणजे क्लिनिकलचे १०० प्रश्न. दुसरी ओएससीई, प्रत्यक्ष करून दाखवायची १० स्टेशनची परीक्षा, आणि ती ब्रिटनमध्ये जाऊनच द्यायला लागते. दोन्ही पास झालं की पिन, म्हणजे रजिस्ट्रेशन नंबर, मिळतो आणि मग तुम्ही तिथे रजिस्टर्ड नर्स. ओएससीईच्या आधीच हॉस्पिटल स्पॉन्सर करून नेऊ शकतं, त्यामुळे बरीच वर्षं हा रस्ता सोपा वाटायचा, पण २०२४ पासून तिथली बाहेरून होणारी भरती बरीच कमी झालीय, त्यामुळे जुन्या मैत्रिणी 'तीन महिन्यांत पोचले' म्हणतात त्यावर आजचा हिशोब मांडू नका.

अमेरिकेत लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं, प्रत्येक राज्याचा वेगळा बोर्ड ऑफ नर्सिंग. आधी शिक्षणाची तपासणी, मग एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा, मग ग्रीन कार्डसाठी एम्प्लॉयरने पिटिशन भरायचं. नर्सेसची गणना शेड्यूल ए मध्ये, म्हणजे माणसं कमी आहेत असं सरकारनेच मान्य केलेल्या कामांच्या यादीत, होते म्हणून एम्प्लॉयरला लेबर सर्टिफिकेशनची, म्हणजे तिथला माणूस मिळत नाही हे दाखवायची, लांबलचक प्रोसेस करावी लागत नाही, हा मोठा फायदा. पण बहुतेक नर्सेस नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या ईबी-३ कॅटेगरीत जातात, तिथे दरवर्षीचा कोटा ठरलेला आहे आणि एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि देश म्हणजे पासपोर्टचा नाही, जन्म झाला तो देश. त्यामुळे ज्या देशांतून खूप लोक अर्ज करतात तिथल्यांना वर्षानुवर्षं थांबायला लागतं. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात तुमच्या देशाच्या रांगेत कुठली तारीख चालू आहे ते दिसतं. अमेरिकेचं ठरवायच्या आधी ते एकदा बघाच. आणि एच-१बी या तात्पुरत्या वर्क व्हिसावर नेतो असं कोणी म्हणालं तर जपून, कारण साध्या वॉर्डच्या आरएन (रजिस्टर्ड नर्स) पोस्टला तो व्हिसा सहसा बसत नाही, त्या नोकरीला डिग्री लागतेच असं तिथे धरत नाहीत.

जर्मनीची गंमत वेगळी आहे. तिथे इंग्लिशची परीक्षा नाही पण जर्मन यायलाच पाहिजे, आणि कामचलाऊ चालत नाही, पूर्ण मान्यतेसाठी साधारण बी२ लेव्हल, म्हणजे ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली चौथी, धरून चाला. तुमचं शिक्षण आणि त्यांचं शिक्षण यात काय कमी पडतं ते लिहिलेलं एक पत्र येतं, त्याला डेफिझिटबेशाइड म्हणतात. मग ती कमी भरून काढायला एकतर केन्टनिसप्रुफुंग नावाची परीक्षा द्यायची किंवा ॲडॅप्टेशनचा कोर्स हॉस्पिटलमध्येच करायचा. हे होईपर्यंत तुम्ही नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करता, कमी पगारावर. हे पत्र ज्या राज्यात काम करणार त्या राज्याचं ऑफिस देतं, आणि जर्मनीत १६ राज्यं आहेत, त्यामुळे एका राज्यातला अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे २०१३ पासून ट्रिपल विन नावाचा सरकारी प्रोग्राम चालतो, ठराविक देशांतल्या नर्सेससाठी, आणि त्यात नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. तुमचा देश त्यात असेल तर प्रायव्हेट एजन्सीच्या आधी तिथे चौकशी करा.

ऑस्ट्रेलियात रजिस्ट्रेशन बघणारी संस्था आप्रा, तिथे आधी ऑनलाइन सेल्फ-चेक करायचा, त्यावरून कळतं की तुम्हाला सरळ रजिस्ट्रेशन मिळेल की एनक्लेक्स आणि ओएससीई दोन्ही द्यायला लागेल. कॅनडातही बहुतेक प्रांतांत एनक्लेक्स-आरएनच चालते आणि लायसन्स प्रांताचं असतं. आयर्लंडमध्ये एनएमबीआय हा तिथला रेग्युलेटर आधी तुमची फाइल बघून डिसिजन लेटर देतं आणि मग तिथे जाऊन ॲप्टिट्यूड टेस्ट किंवा ॲडॅप्टेशन. आखाती देशांत डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी आणि प्रोमेट्रिक या कंपनीच्या सेंटरवर कॉम्प्युटरवरची परीक्षा हा साधारण रस्ता, काम लवकर होतं, पण तिथे कायमचं राहणं हे वेगळंच प्रकरण आहे, म्हणून बरेच जण तिथे अनुभव घेऊन पुढे दुसरीकडे जातात.

कागद, म्हणजे खरा वेळ जिथे जातो

परीक्षेची भीती सगळ्यांना असते, कागदांची कोणालाच नसते, आणि अडकतात सगळे कागदातच. म्हणून इंग्लिशच्या क्लासला नाव घालायच्या आधी कागदांचं काम सुरू करा, दोन्ही एकदम चालू शकतं.

सगळ्यात पहिलं नाव. पासपोर्ट, मार्कशीट, डिग्री, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, अनुभवाचं पत्र, सगळीकडे नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते एका कागदावर लिहून काढा. लग्नानंतर आडनाव बदललं, कुठे वडिलांचं नाव मध्ये आहे कुठे नाही, स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त, असल्या गोष्टींवर फाइल महिना महिना थांबते. मॅरेज सर्टिफिकेट, ॲफिडेव्हिट जे लागेल ते आत्ताच करून ठेवा. आणि परीक्षेला बुकिंग करताना पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका, नाहीतर सेंटरच्या दारातून परत पाठवतात.

दुसरं ट्रान्सक्रिप्ट. नुसती मार्कशीट चालत नाही, प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास किती, क्लिनिकलचे तास किती, कुठल्या वॉर्डात किती, हे लिहिलेलं पाहिजे. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य हे वेगवेगळं दिसलं पाहिजे, कारण अमेरिकेतली बरीच बोर्डं नेमकं तेच शोधतात आणि मानसिक आरोग्याचे तास नीट लिहिलेले नसले की फाइल परत येते. हे कॉलेजकडून काढायचं असतं, आणि बऱ्याचदा तो फॉर्म कॉलेजने भरून, सही-शिक्का मारून थेट रेग्युलेटरकडे पाठवायचा असतो, तुमच्या हातून गेलेला चालत नाही. कॉलेजचा क्लार्क हा या सगळ्या प्रवासातला फार महत्त्वाचा माणूस आहे, त्याच्याशी नीट बोला, कव्हरिंग लेटर आणि पत्ता लिहिलेलं पाकीट स्वतः तयार करून द्या, आणि आठवड्याला एकदा फोन करा. कॉलेज बंद पडलं असेल तर रेकॉर्ड कोणाकडे गेलं ते युनिव्हर्सिटीला किंवा बोर्डाला विचारायचं.

तिसरं कौन्सिलकडून गुड स्टँडिंग, म्हणजे तुमचं रजिस्ट्रेशन चालू आहे आणि तुमच्यावर काही कारवाई झालेली नाही असं पत्र. हे थोड्याच महिन्यांसाठी धरतात, म्हणून फार आधी काढून ठेवू नका. पोलीस क्लिअरन्सचं पण तसंच, आणि ते तुम्ही आधी ज्या ज्या देशात राहिलात तिथलं सुद्धा लागू शकतं. आखातात काम करून परत आलेल्यांनी हे तिथून निघायच्या आधीच काढून घ्यावं, मागून फार त्रास होतो.

चौथं अनुभवाचं पत्र. 'सिन्सियर आणि हार्डवर्किंग होत्या' असलं पत्र काही कामाचं नाही. पद, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, फुल टाइम की पार्ट टाइम, आठवड्याचे तास, कुठला वॉर्ड, काय काय कामं करायच्या, आणि पडताळणीसाठी हॉस्पिटलचा ऑफिशियल इमेल. डेटाफ्लोवाले त्या पत्त्यावर खरंच विचारतात आणि उत्तर आलं नाही तर रिपोर्ट लटकतो, म्हणून एचआरला आधीच सांगून ठेवा. खोटा अनुभव दाखवू नका, कोणी कितीही म्हणालं तरी. पकडलं की फक्त तो अर्ज जात नाही, पुढच्या प्रत्येक अर्जात 'आधी कधी नाकारलंय का' हा प्रश्न असतो.

आणि ज्यांनी मुलांसाठी वगैरे गॅप घेतलाय त्यांनी आधी थोडं काम परत सुरू करावं, कारण गेल्या काही वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष काम केलंय का हे जवळपास सगळीकडे बघतात.

इंग्लिश: आयईएल्टीएस की ओईटी

आयईएल्टीएस ही सगळ्यांसाठीची इंग्लिशची परीक्षा, ओईटी खास आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची. ब्रिटनच्या एनएमसीला आयईएल्टीएस ॲकॅडेमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यात ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. ओईटीत तिन्हीमध्ये बी आणि लिहिण्यात सी प्लस. एकाच वेळेला सगळं आलं नाही तर ठराविक अटींवर दोन वेळचे स्कोअर जोडता येतात, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं आणि त्या परत परत फी भरत बसतात. दुसऱ्या देशांचे आकडे थोडे वेगळे आहेत, तुमचे तुम्ही बघा. रिझल्ट साधारण दोन वर्षं धरतात, म्हणून कागद अजून हललेच नसतील तर परीक्षा फार लवकर देऊ नका.

माझं मत विचाराल तर वॉर्डात काम केलेल्या नर्सला ओईटी जवळची वाटते. बोलण्याच्या भागात पेशंटशी किंवा नातेवाइकाशी बोलायचे दोन रोल-प्ले असतात, आणि ते आपण रोज करतोच. लिहिण्यात ४५ मिनिटं मिळतात, पहिली ५ फक्त केस नोट्स वाचायला, आणि साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं. तिथे बहुतेक जणी इंग्लिशमुळे अडकत नाहीत, सगळं लिहायच्या मोहापायी अडकतात. समजा पायाच्या जखमेचा डायबेटिक पेशंट घरी चाललाय आणि पत्र कम्युनिटी नर्सला लिहायचंय. नोट्समध्ये असेल की बारा वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं, निवृत्त शिक्षक आहेत, ॲडमिट झाले तेव्हा ताप होता, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, एकटे राहतात, खाली वाकता येत नाही, ड्रेसिंग एक दिवसाआड. आता त्या कम्युनिटी नर्सला उद्या सकाळी त्यांच्या घरी गेल्यावर काय माहीत पाहिजे? ॲलर्जी, ड्रेसिंग कसं आणि कधी, शुगर कशी चाललीय, एकटे राहतात आणि वाकता येत नाही म्हणजे स्वतः ड्रेसिंग जमणार नाही. अपेंडिक्स तिला नको. हा विचार करून लिहिलं की पत्र आपोआप छोटं आणि नीट होतं.

परीक्षा

एनक्लेक्स ही पाठांतराची परीक्षा नाही. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा-अवघड करत जातो, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ५ तास. ८५ ला बंद झाली म्हणजे पासच किंवा नापासच असं काही नसतं. एप्रिल २०२३ पासून नवीन प्रकार आलाय, त्यात एका पेशंटची केस देतात आणि त्यावर सहा प्रश्न, यातलं काय महत्त्वाचं दिसतंय, काय झालं असेल, आधी काय करशील, केल्यावर फरक पडला का. चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जाशील, कुठलं काम असिस्टंटला देता येईल कुठलं नाही, यावर खूप भर असतो. ज्यांच्या वॉर्डात डॉक्टर सांगतील तेवढंच करायची सवय आहे त्यांना इथे जड जातं, कारण उत्तर बऱ्याचदा 'डॉक्टरांना कळवा' हे नसतं, त्याच्या आधी तुम्ही स्वतः काय तपासाल हे असतं. म्हणून प्रश्न सोडवताना बरोबर उत्तर बघून पुढे पळू नका, बाकीचे तीन का चुकीचे ते वाचा. नापास झालं तर साधारण ४५ दिवसांनी परत देता येते.

ओएससीई एकदम वेगळी. तिथे तुम्हाला येतं का यापेक्षा तुम्ही करताना दाखवता का, बोलता का हे मोजतात. औषध द्यायचं स्टेशन घ्या. आत गेलं की हात स्वच्छ, स्वतःचं नाव सांगायचं, पेशंटला त्याचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची, हातातला बँड चार्टशी जुळवायचा, ॲलर्जी विचारायची आणि चार्टवरही बघायची, संमती घ्यायची, मग औषध, डोस, रूट, वेळ, एक्स्पायरी, आणि आधीचा डोस कधी दिलाय ते. चार्टवर मुद्दाम गोम ठेवलेली असू शकते, म्हणजे ॲलर्जी पेनिसिलिनची आणि लिहून दिलंय ॲमॉक्सिसिलिन. ते द्यायचं नाही, का दिलं नाही ते चार्टवर लिहायचं आणि प्रिस्क्राइब करणाऱ्याला कळवेन असं मोठ्याने म्हणायचं. वीस वर्षं आयसीयूत काढलेल्या सिस्टर इथे नापास होतात, कारण हात सफाईने चालतात पण तोंड बंद असतं. सराव आरशासमोर नको, दुसऱ्या नर्सला पेशंट बनवून करा आणि तिला चेकलिस्ट हातात द्या.

ऑफर लेटर आणि काँट्रॅक्ट

इथे प्लीज घाई करू नका. तिथे पोचेपर्यंत रजिस्ट्रेशन नसेल तर त्या काळात कुठल्या पदावर, किती पगारावर ठेवणार हे लेखी पाहिजे. आठवड्याचे तास, नाइटचे आणि सुट्टीच्या दिवशीचे जास्तीचे पैसे, राहायची सोय किती दिवस, परीक्षेची फी कोण भरणार, एकदा नापास झाल्यावर पुढची कोण भरणार, तेही.

आणि रीपेमेंट क्लॉज. म्हणजे ठराविक काळाच्या आत नोकरी सोडली तर हॉस्पिटलने किंवा एजन्सीने केलेला खर्च परत द्यायचा. विमानाचं तिकीट, परीक्षेची फी असला खरा खर्च, आणि जितके महिने काम केलं तितका कमी होत जाणारा, इथवर समजू शकतं. पण आकडा मोघम असेल, काम केलं तरी कमी होत नसेल, ट्रेनिंगचा खर्च म्हणून भलतीच रक्कम टाकली असेल, किंवा नोकरी सोडली तर दंड असं लिहिलं असेल, तर सही करू नका. चांगली नोकरी परत मिळते, पण असल्या कर्जात अडकलेली नर्स वॉर्डात कितीही वाईट वागवलं तरी तोंड उघडू शकत नाही, आणि ते फार वाईट असतं.

भरतीचे पैसे नर्सकडून घ्यायचे नाहीत हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ नंबरच्या करारात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी आचारसंहिता आणली, ज्यात बाहेरून आलेल्यांना तिथल्या लोकांसारखीच वागणूक आणि हक्क मिळावेत असं आहे. ब्रिटनमध्ये एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तिच्या हॉस्पिटलांसाठी काम करणारी एनएचएस एम्प्लॉयर्स ही संस्था नीट वागणाऱ्या एजन्सींची यादी ठेवते, एजन्सीचं नाव त्यात आहे का ते दोन मिनिटांत बघता येतं. बाकी ठिकाणी एजन्सीचं सरकारी लायसन्स आहे का आणि चालू आहे का ते बघा. ओरिजिनल सर्टिफिकेट आणि पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवायला द्यायचे नाहीत, दाखवायचे, कॉपी द्यायची, परत घ्यायचे.

व्हिसाबद्दल थोडक्यात: मेडिकल, टीबीची तपासणी, लसीकरणाचं रेकॉर्ड, हिपॅटायटिस बी चे अँटीबॉडी हे लवकर करून घ्या, कारण बूस्टर लागला तर वेळ जातो. अमेरिकेसाठी व्हिसास्क्रीन हे शिक्षण, लायसन्स आणि इंग्लिश तपासल्याचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, लायसन्स असलं तरी. ब्रिटनच्या हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य सरचार्ज, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरायची फी, भरावा लागत नाही, तो एजंटने बिलात लावला असेल तर विचारा का.

पोचल्यावर पहिले काही महिने

काम तेच असतं पण नावं बदलतात. पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनालिन तिथे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. शुगर काही देशांत मिलिग्रॅममध्ये सांगतात, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात मिलिमोलमध्ये, आणि मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅमचा येतो, म्हणजे १० म्हणजे १८०, आणि ४ च्या खाली गेली की धावायचं. पहिल्यांदा हँडओव्हरमध्ये 'शुगर ६' ऐकलं की पोटात गोळा येतो, ती अगदी नॉर्मल असते. ब्रिटनमध्ये पेशंट बिघडतोय का हे ओळखायला न्यूज-२ नावाचा स्कोअर आहे, श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांना मार्क देऊन बेरीज करायची, ५ झाले की तातडीने कोणीतरी बघायला पाहिजे, ७ झाले की इमर्जन्सी. तो चार्ट जायच्या आधीच प्रिंट काढून भरायचा सराव करा.

काय करायची परवानगी आहे हेही बदलतं. तुम्ही रोज सलाइन लावत असाल, पण नवीन ठिकाणी तिथली ट्रेनिंग आणि सही झाल्याशिवाय हात लावायचा नाही, येत असलं तरी. उलट जर्मनीसारख्या ठिकाणी पेशंटची अंघोळ, भरवणं, फिरवणं हे सगळं नर्सचंच काम, नातेवाईक नसतात, आणि हे आधी माहीत नसलं की पहिल्या आठवड्यात खूप जणींना अपमान झाल्यासारखं वाटतं. तो अपमान नाही, तिथे नर्सिंग म्हणतातच त्याला. समजलं नाही तर परत विचारा, फोनवर ऑर्डर घेतली तर वाचून दाखवा, आणि जिथे युनियन असेल तिथे पहिल्याच महिन्यात मेंबर व्हा, भांडण झाल्यावर घेतलेली मेंबरशिप त्या भांडणाला सहसा उपयोगी पडत नाही.

आपल्या देशातलं रजिस्ट्रेशन मात्र चालू ठेवा, रिन्यू करत राहा, कारण पुढे तिसऱ्या देशात जायचं झालं तर गुड स्टँडिंग तिथूनही मागतात. आणि नवीन ठिकाणचं टिकवायलाही हिशोब लागतो, ब्रिटनमध्ये दर तीन वर्षांनी रीव्हॅलिडेशन, म्हणजे रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवायची तपासणी, असतं, त्यात ४५० तास काम आणि ३५ तास शिक्षण दाखवायला लागतं, म्हणून पहिल्या ट्रेनिंगपासूनच सर्टिफिकेटं, तारखा आणि तास एका फोल्डरमध्ये टाकत जा.